आधी दाते मोजा

मागच्या श्रावणात वेल्ह्याहून पासलीमार्गे केळदला निघालो होतो. मढे घाटाच्या अलीकडे, डांबरी सोडून वाडीकडे चढणाऱ्या एका कच्च्या वाटेवर एक पोरगा गाडी धरून उभा दिसला. गाडी नवीकोरी. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची, म्हणजे दगडधोंड्यांतून जावी म्हणूनच बनवलेली. तिच्यावर त्यानं चढवलेलं सामान बघत गेलो. लोखंडी क्रॅश गार्ड, इंजिनाखाली जाड बॅशप्लेट, दोन जादा दिवे, मोबाइलचं स्टँड, दोन्ही बाजूंना पाणी न शिरणाऱ्या बॅगा, आणि बदललेला सायलेन्सर. गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा तरी त्यात गेला असेल. इंजिनातून जळक्या क्लचप्लेटचा वास येत होता. एकदा ओळखीचा झाला की हा वास माणूस विसरत नाही.

“काका, या गाडीचा क्लचच कमजोर आहे,” तो म्हणाला. त्याच्या चार मित्रांनी माना डोलावल्या. मी विचारलं, “पुढच्या स्प्रॉकेटला दाते किती आहेत?” पाचांपैकी एकालाही सांगता आलं नाही. स्प्रॉकेट म्हणजे नेमकं काय, हेही दोघांना ठाऊक नव्हतं.

माझा राग त्या पोरांवर नाही. त्यांना हजारो रुपयांचं सामान विकणाऱ्यांपैकी एकालाही, तू गाडी कुठे चालवतोस, एवढं विचारावंसं वाटलं नाही, याचा मला राग आहे. गाडी वाट चढत नाही म्हणून सायलेन्सर बदलायचा, ती बंद पडते म्हणून क्लच बदलायचा आणि घसरते म्हणून टायर बदलायचा. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा हा सगळा कारभार आहे. काही शेकड्यांत मिळणारं, चेन ओढणारं, तळहातावर मावणारं एक दातेरी चाक, म्हणजे पुढचं स्प्रॉकेट, मात्र कुणी बघत नाही.

हिशेब चौथीच्या पोराला जमेल इतका सोपा आहे. मागच्या स्प्रॉकेटच्या दात्यांना पुढच्या दात्यांनी भागायचं. माझ्या गाडीला पुढे १३ आणि मागे ४० दाते होते. भागाकार ३.०८ येतो. म्हणजे पुढचं स्प्रॉकेट तीनदा फिरून वर थोडं फिरलं की मागचं चाक एकदा फिरतं. पुढे १३ च्या जागी १२ बसवलं की भागाकार ३.३३ होतो. सव्वाआठ टक्क्यांचा फरक पडला, तोही एका दात्यानं. तेवढंच मागून साधायचं तर ४० चं ४३ करावं लागतं. पुढचा एक दाता मागच्या तिघांच्या बरोबरीचा असतो, एवढं लक्षात ठेवलं तरी गॅरेजमध्ये कुणी फसवू शकत नाही.

हा भागाकार जितका लहान, तितकं गिअरिंग लांब. कंपन्या असं लांब गिअरिंग का देतात, याचं उत्तर आपल्याच बाजारात आहे. शोरूममध्ये पाऊल टाकल्यावर आपला पहिला प्रश्न “अ‍ॅव्हरेज किती देते?” आणि दुसरा “टॉप किती जाते?” या दोन प्रश्नांची गोड उत्तरं द्यायची तर इंजिन कमी फेऱ्यांत जास्त अंतर तोडेल असंच गिअरिंग ठेवावं लागतं. त्यात मला फसवणूक दिसत नाही. चीड आहे ती जाहिरातीची. तिच्यात गाडी ओढ्यातून पाणी उडवत, खडक चढत जाते. तो खडक चढणारा माणूस कित्येक वर्षांच्या सरावाचा असतो. विकलेल्या गाडीचं गिअरिंग मात्र रोज तीस किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्याच्या हिशेबाचं असतं. २०११ मध्ये दीडशे सीसीची इम्पल्स आली, २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली, मधल्या काळात २०१६ मध्ये हिमालयन आली, आणि अशा गाड्या आपल्याकडच्या सर्वसामान्य पोरांच्या आवाक्यात आल्या. याचा मला मनापासून आनंद आहे. पण गाडी विकणाऱ्यांनी तिच्याबरोबर ही चार वाक्यांची समज दिली नाही, हा गुन्हा मी माफ करत नाही.

हिमालयन ४११ ला पुढे १५ आणि मागे ३८ दाते यायचे. अमेरिकेत १९८७ मध्ये आलेल्या कावासाकी केएलआर ६५० ला १५ आणि ४३. तिकडे त्या गाडीसाठी पुढचं १४ चं आणि १६ चं, दोन्ही स्प्रॉकेटं राजरोस दुकानात मिळतात. रानात जाणारा १४ घेतो, हायवेवर लांब जाणारा १६ घेतो, आणि कुणी त्याच्याकडे गुन्हेगारासारखं बघत नाही. दोन्ही कामं करायला निघालेल्या गाडीला कुठल्या कामाकडे झुकवायचं, हे मालकानं ठरवायचं असतं. ते ठरवायची जागा म्हणजे हीच दोन दातेरी चाकं.

आता त्या केळदच्या चढाकडे परत येतो, कारण खरं दुखणं तिथं आहे. लोकांना वाटतं, दाता कमी केला की पहिला गिअर दणकट होतो. होतो, पण मला पहिल्याशी देणंघेणं कमीच आहे. समजा ३००० फेऱ्यांना पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी १३ किलोमीटरनं चालते. १२ चं स्प्रॉकेट टाकल्यावर ती त्याच फेऱ्यांना १२ नं चालेल. एवढ्यानं क्रांती होत नाही. पण अशा वाटेवर माणसाला हवा असतो तो पंधरा ते वीसचा वेग. खाली सुटा मुरूम, मध्ये पाण्यानं पडलेला चर, कडेला ओलं गवत. पहिल्यात राहिलं तर इंजिन किंचाळतं, अंगठाभर अ‍ॅक्सिलेटर फिरवला तरी मागचं चाक जागेवर फिरून खडी उडवतं. दुसरा टाकला तर गाडी दम सोडते, ठोके द्यायला लागते. मग माणूस नकळत क्लच अर्धा दाबून धरतो. त्या अर्ध्या क्लचवर शंभर-दोनशे मीटर चढ गेला की प्लेटा तापतात आणि तो वास सुटतो. त्या पोराचा क्लच कमजोर नव्हता. त्याचा दुसरा गिअर त्या वाटेसाठी फार लांब होता, आणि त्याची भरपाई बिचारा क्लच करत होता.

पाच गिअरच्या गाडीत पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर मोठं असतं. स्प्रॉकेट बदलून ते अंतर बदलत नाही, अख्खी शिडीच एका बोटानं खाली सरकते. दुसरा गिअर जिथं हवा तिथं येतो. माणूस दुसऱ्यात बसतो, क्लचवरचं बोट काढतो, दोन्ही मुठी हँडलला धरतो आणि समोर बघतो. उतरताना तर याचा उपयोग चढण्यापेक्षा जास्त. सुट्या दगडांच्या उतारावर पुढचा ब्रेक लावायची भीती असते, तिथं इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. सह्याद्रीतल्या वाटांवर मी जेवढे पडताना पाहिले त्यातले बहुतेक उतरताना पडले.

टायरबद्दलही बोललंच पाहिजे. मागे १२०/८०-१८ चा टायर असलेल्या गाडीला कुणीतरी खडबडीत नक्षीचा १२०/९०-१८ बसवून देतो. दिसायला रुबाबदार. पण त्या टायरचा व्यास ६४९ मिलीमीटरवरून ६७३ वर गेला, म्हणजे एका फेरीत गाडी पावणेचार टक्के जास्त अंतर जाते. गिअरिंग तेवढं आणखी लांब झालं. पुढच्या दात्याच्या हिशेबात बघितलं तर जवळजवळ अर्धा दाता उलट्या दिशेला गेला. गाडी ओढत नाही म्हणून हजारो रुपये घालायचे आणि ती आणखी कमी ओढेल असं करून घ्यायचं! आणि टायर बसवणारा यातला एक शब्दही बोलत नाही.

एवढं वाचून कुणी उद्या गॅरेजात जाऊन “एक दाता कमी करा” म्हणणार असेल, तर त्यानं थांबावं. कंपनीनं दिलेलं देवाचं मानणाऱ्यांचा मला जेवढा राग येतो, तेवढाच या अर्धवट शहाण्यांचा येतो. “पुढचं छोटं टाका, पॉवर वाढते,” असं सांगणारे मिस्त्री गल्लोगल्ली आहेत. पॉवर एका दमडीनं वाढत नाही. इंजिन तेच, पेट्रोल तेच. ओझं तेवढंच ठेवून जिन्याच्या पायऱ्या बुटक्या केल्या, तर चढणं सोपं होतं पण पावलं जास्त पडतात. तसंच हे. ताशी ८० ला जे इंजिन ६००० फेऱ्यांवर फिरत होतं ते आता ६५०० वर फिरणार. हँडलला मुंग्या येणार, पेट्रोल थोडं जास्त जाणार, वरचा वेग कमी होणार. हे आधी सांगत नाहीत ते मिस्त्री गिऱ्हाइकाचा घात करतात.

पुढचं स्प्रॉकेट लहान करण्याची किंमत चेन मोजते. १३ दात्यांच्या स्प्रॉकेटवरून जाताना चेनची प्रत्येक कडी २७.७ अंशांत वाकते, १२ वर ३० अंशांत. मागच्या ४० वर तीच कडी फक्त ९ अंशांत वाकते. म्हणजे झीज होते ती पुढे. शिवाय दातेरी चाक म्हणजे खरं वर्तुळ नव्हे, तो बहुकोन आहे. म्हणून चेनचा वेग प्रत्येक दात्यागणिक कमीजास्त होत राहतो. १३ वर हा चढउतार २.९ टक्के, १२ वर ३.४, आणि ११ वर चार टक्क्यांच्या वर. चेनवरचा ताणही सव्वाआठ टक्क्यांनी वाढतो. अर्ध्या इंचाच्या कड्यांची चेन असेल तर स्प्रॉकेटचा व्यास चार मिलीमीटरनं घटतो, चेन स्विंगआर्मच्या दोन मिलीमीटर जवळ येते आणि तिथला रबरी पट्टा घासायला लागतो. तो फाटून चेन धातूला घासेपर्यंत बघतच नाहीत असे लोक मी पाहिले आहेत. ११ चं बसवणाऱ्यांना तर मी सरळ तोंडावर सांगतो की बाबांनो, तुम्ही गाडीचा छळ मांडला आहे.

आणखी एक गोष्ट, जी कुणी बोलत नाही. चेनच्या कड्या नेहमी सम संख्येत असतात, कारण एक आतली आणि एक बाहेरची अशी जोडी लागते. १२० कड्यांची चेन आणि १२ दाते असले तर ठराविक कडी प्रत्येक वेळी त्याच दात्यावर येऊन बसते. एक कडी खराब झाली तर ती त्याच दात्याला खात राहते. १३ दात्यांवर मात्र प्रत्येक कडी आळीपाळीनं प्रत्येक दात्याला भेटते, आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. तेरा हा आकडा कारखान्यात उगाच निवडलेला नाही. म्हणून माझं मत ठाम आहे: १२ चं स्प्रॉकेट चाचणीसाठी घ्या. दोन-तीन रविवार रानात फिरून बघा. पटलं तर पुढे १३ परत बसवा आणि मागे ४३ टाका. खर्च जास्त येतो, कदाचित चेन दोन कड्यांनी लांब घ्यावी लागते, नाहीतर मागचं चाक दहाएक मिलीमीटर पुढे घ्यावं लागतं. पण चेन, पट्टा, गिअरबॉक्सचं बेअरिंग, सगळ्यांना सुख लागतं. मी तसंच केलं आहे.

जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट टाकणं हा तर रोजचा अत्याचार. जुन्या स्प्रॉकेटचे दाते विळ्यासारखे एका बाजूला वाकलेले असतील, तर त्याच्यावर चाललेली चेनही ताणलेली असणारच. तिच्यावर नवं बसवलं की ते महिन्याभरात जुन्यासारखं होतं. मी एकदा बाजारातलं स्वस्त, छाप नसलेलं पुढचं स्प्रॉकेट घेतलं होतं. साडेतीन हजार किलोमीटरांत त्याचे दाते बोटाला टोचायला लागले. तेव्हापासून चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटं एकदमच घेतो, आणि चांगल्या पोलादाची घेतो.

गॅरेजमधला एक प्रसंग मला अजून आठवतो. बऱ्याच गाड्यांत स्प्रॉकेटच्या नटाखालचा वॉशर वाकवून लॉक केलेला असतो. तो आधी सरळ करायचा, चाक ब्रेकनं धरायचं, मग योग्य पान्यानं नट सोडायचा. तिथल्या मिस्त्रीनं सरळ छिन्नी लावली आणि हातोडा घातला. शाफ्टवर पडलेला प्रत्येक घाव आतल्या बेअरिंगवर पडत होता. मी ओरडलो तेव्हा थांबला. “साहेब, वीस वर्षं असंच करतोय.” वीस वर्षं त्यानं लोकांच्या गिअरबॉक्सवर घाव घातले, आणि ते बेअरिंग वर्षभरानं वाजायला लागलं तेव्हा दोष कंपनीला गेला. कव्हरच्या आत दगडासारखा घट्ट झालेला चिखल होता, तोही त्यानं तसाच ठेवला होता.

आणि चेनचा ढिलेपणा! कम्युटर गाडीची चेन जशी ताठ करतात तशी उंच सस्पेन्शनच्या गाडीची करणं, हा अज्ञानाचा कळस आहे. पुढच्या स्प्रॉकेटचं केंद्र, स्विंगआर्मची खीळ आणि मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताठ असते. स्टँडवर उभ्या गाडीला ते तिन्ही एका रेषेत नसतात. तेव्हा स्टँडवर जी बरोबर वाटते ती चेन खड्ड्यात सस्पेन्शन दबल्यावर तारेसारखी ताणली जाते. तिचा ताण थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर. या गाड्यांची चेन बघणाऱ्याला ढिली वाटलीच पाहिजे. किती ढिली, ते मालकाच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. स्प्रॉकेट बदललं की चाक मागेपुढे होतं आणि हे माप नव्यानं घ्यावं लागतं. किती जणांनी ती पुस्तिका उघडली आहे?

एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मी मागचं ४३ चं मागितलं तेव्हा उत्तर मिळालं, “सर, कंपनीनं दिलंय ते हलवू नका. वॉरंटी जाईल, आरटीओ पकडेल.” त्याच काउंटरमागे क्रॅश गार्ड आणि जादा दिवे टांगलेले होते. वॉरंटीबद्दलची शंका मी समजू शकतो. चेन किंवा गिअरबॉक्सची तक्रार आली तर कंपनी हात वर करू शकते, ते मान्य करून मी बदल केला. पण आरटीओची भीती दाखवणं खोटेपणाचं आहे. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकानं करायचा नाही. त्या प्रमाणपत्रात चासी नंबर, इंजिन नंबर, इंधन, रंग, आसनं असतात. दात्यांची संख्या त्यात नसते. आणि त्या केळदच्या पोराचा सायलेन्सर अख्ख्या वाडीला ऐकू जात होता, तो विकताना मात्र कुणाला कायदा आठवला नाही.

ज्यांच्या गाडीचा वेगमापक गिअरबॉक्सवरून माप घेतो, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की पुढचा एक दाता कमी केल्यावर खऱ्या ६५ ला काटा ७० दाखवतो आणि किलोमीटरही तितकेच फुगतात. चाकावरून माप घेणाऱ्या गाडीला काही होत नाही.

दरवर्षी पुण्या-मुंबईची शेकडो पोरं लडाखला जातात. खारदुंग ला साडेसतरा हजार फुटांवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण हवेनुसार सांभाळतं, पण नसलेली हवा ते आणणार कुठून? तेव्हा इंजिनाचा जोर जवळपास निम्म्यावर येतो, आणि मागे पन्नास किलो सामान असतं. तिथं लांब गिअरिंगची गाडी पहिल्या गिअरमध्येही कण्हते. निघण्याआधी ही पोरं जाकीट, बूट, कॅमेरे, स्टिकर यांवर आठवडे घालवतात. मागे तीन दाते वाढवायला दोन तास लागतात, आणि त्या दोन तासांचं महत्त्व त्यांना कुणी सांगत नाही. परत येतात ते जळक्या क्लचच्या गोष्टी सांगत.

आता ज्याचं सगळं आयुष्य मुंबई-गोवा रस्त्यावर आणि शहराच्या डांबरावर जातं, वर्षातून एकदा जो कच्च्यावर उतरतो, त्यानं काहीही बदलू नये. त्याला कंपनीचंच बरोबर आहे. नुसतं मित्रानं केलं म्हणून १२ चं टाकणारा आणि मग ८० ला गाडी थरथरते म्हणून रडणारा, हाही त्याच अज्ञानाचा बळी. माझा आग्रह दाते कमी करण्याचा नाही. ते मोजण्याचा, भागाकार करण्याचा आणि आपण कुठल्या वाटेनं जातो ते प्रामाणिकपणे स्वतःला विचारण्याचा आहे.

केळदच्या त्या पोराला मी चढावरच बसून हे सगळं सांगितलं. कागदावर भागाकार करून दाखवला, पुढचा आणि मागचा आकडा लिहून दिला, माझा नंबर दिला. दिवाळीनंतर त्याचा फोन आला. नव्या क्लचप्लेटा टाकल्या होत्या, बिल साडेतीन हजारांचं झालं होतं, आणि गाडी चढावर पुन्हा तशीच करत होती. स्प्रॉकेटचं विचारलं तर म्हणाला, “गॅरेजवाले म्हणाले, त्याची काही गरज नाही.”

मी त्याला रविवारी गाडी घेऊन घरी यायला सांगितलं आहे. मागचं ४३ चं आणून ठेवलं आहे.